पहिली दोरी बंद पडल्यानंतर

डिसेंबर १९९३. हवाईच्या मोठ्या बेटाजवळ, समुद्रात जवळपास पावणेपाच किलोमीटर खोल, काचेच्या गोळ्यांची एक लांब माळ सोडण्यात आली. प्रत्येक गोळ्यात एक प्रकाशसंवेदक होता. या क्षेत्रातली माणसं अशा माळेला सरळ ‘दोरी’ म्हणतात. न्यूट्रिनो नावाचे कण टिपण्यासाठी आखलेल्या ड्युमंड या प्रकल्पाची ही पहिली दोरी, आणि तिच्यामागे सत्तरच्या दशकापासूनचे आराखडे, चाचण्या आणि भांडणं होती. दोरीने काही तास काम केलं. मग कुठेतरी पाणी शिरलं, शॉर्ट सर्किट झालं आणि सगळं गप्प झालं. १९९५मध्ये अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने प्रकल्पच गुंडाळला.

कोणताही लेखापरीक्षक इथे लाल शेरा मारेल. वीसेक वर्षं, काही तासांचं काम, निष्पत्ती शून्य. माझं म्हणणं असं की हा शेरा चुकीच्या ओळीवर पडतो. मूलभूत विज्ञानात सार्वजनिक पैसा बुडतो तो यंत्र बंद पडल्यामुळे कमी, आणि बंद पडल्यावर माणसं पांगवल्यामुळे जास्त. खोल पाण्यातल्या आणि बर्फाखालच्या न्यूट्रिनो दुर्बिणींचा गेल्या साठ-पासष्ट वर्षांचा इतिहास याचा चांगला पुरावा आहे. आणि भारताने या इतिहासातला एक प्रवेश स्वतः गाजवला, पुढे स्वतःच पडदा पाडला, म्हणून हा प्रश्न आपलाही आहे.

आधी यंत्राबद्दल थोडं. न्यूट्रिनो हा कण जवळजवळ कशालाच अडत नाही. त्यामुळे तो विश्वातल्या अतिशय हिंस्र जागांमधून, म्हणजे दीर्घिकांच्या गाभ्यातल्या महाकाय कृष्णविवरांच्या आसपासहून, वाटेत न वळता आणि न विरता थेट आपल्यापर्यंत येतो. पण ज्या गुणामुळे तो पोहोचतो, त्याच गुणामुळे तो सापडत नाही. क्वचित एखादा न्यूट्रिनो अणुकेंद्रकाला धडकला तर त्यातून विद्युतभारित कण सुटतो. पाण्यात किंवा बर्फात प्रकाशाचा वेग कमी होतो, हा कण मात्र त्याहून वेगाने धावतो आणि मागे निळसर प्रकाशाचा शंकू सोडत जातो. हाच चेरेनकोव्ह प्रकाश. तो कोणत्या संवेदकावर किती अब्जांश सेकंदांच्या फरकाने पोहोचला हे मोजलं, की कण कुठून आला ते कळतं.

धडका इतक्या दुर्मीळ की त्या पकडायला अब्जावधी टन पारदर्शक पदार्थ हवा. एवढी टाकी कुणी बांधू शकत नाही. १९६०मध्ये सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ मोइसेई मार्कोव्ह यांनी सुचवलं की टाकी बांधूच नका, खोल सरोवरात किंवा समुद्रात संवेदक सोडा. पाणी आहेच, अंधारही आहे, आणि वरचं पाणी वैश्विक किरणांचा बराचसा गोंगाट अडवतं. कल्पना कागदावर जितकी सोपी तितकी प्रत्यक्षात छळणारी. समुद्राच्या मिठात पोटॅशियम-४० असतं, ते सतत मिणमिणतं. खोल पाण्यातले जीव स्वतः प्रकाश सोडतात. केबलचा प्रत्येक जोड गळू शकतो. हिवाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर निळ्या चमकणाऱ्या लाटा पाहायला गर्दी होते. या दुर्बिणी बांधणाऱ्यांना मात्र समुद्राचा हा गुण शत्रूसारखा वाटतो.

ड्युमंड एकट्या अमेरिकेचा व्हायचा नव्हता. सुरुवातीच्या चर्चांमध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ बरोबरीने होते. अफगाणिस्तानात सोव्हिएत फौजा शिरल्या आणि ते दार बंद झालं. मग त्यांनी आपल्याच घरचं पाणी शोधलं: सैबेरियातलं बैकाल सरोवर. १९८०मध्ये मॉस्कोत ग्रिगोरी दोमोगात्स्की यांच्या नेतृत्वाखाली त्यासाठी गट उभा राहिला. बैकालची खोली त्या जागी सव्वा किलोमीटरहून थोडी जास्त, पाणी गोडं, त्यामुळे पोटॅशियमची कटकट नाही. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे हिवाळ्यात सरोवर गोठतं. जहाज नको, वादळाची भीती नको. बर्फावर गाड्या आणि विंच न्यायचे, भोक पाडायचं, दोऱ्या सोडायच्या, बिघडलेल्या वर ओढून दुरुस्त करायच्या आणि वसंतात बर्फ वितळायच्या आत सामान आवरायचं.

मधल्या काळात त्यांचा देशच कोसळला. शास्त्रज्ञांचे पगार महिनोन् महिने रखडले, असा तो काळ. तरी १९९३मध्ये, म्हणजे हवाईची दोरी मेली त्याच वर्षी, बैकालमध्ये ३६ संवेदकांची छोटी दुर्बीण चालू झाली, १९९८मध्ये ती सुमारे दोनशे संवेदकांवर गेली. २०२१च्या मार्चमध्ये तिच्या मोठ्या वारसदाराचं, बैकाल-जीव्हीडीचं, उद्घाटन झालं. पडत्या काळात या गटाकडे पैसे फारसे नव्हते. दर हिवाळ्यात पुन्हा बर्फावर जायची मुभा मात्र होती, आणि मला वाटतं फरक तिथेच पडला.

बर्फाचीही कथा अशीच. भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्सिस हॅल्झेन आणि सहकाऱ्यांनी दक्षिण ध्रुवावरच्या बर्फात संवेदक पुरायचं ठरवलं. गरम पाण्याच्या फवाऱ्याने बर्फात भोक पाडायचं, दोरी सोडायची, पाणी पुन्हा गोठू द्यायचं. ॲमंडा या प्रकल्पाच्या पहिल्या दोऱ्या १९९३-९४च्या मोसमात आठशे ते हजार मीटर खोलीवर बसल्या आणि निष्कर्ष निराशेचा निघाला. त्या खोलीवर बर्फात हवेचे बुडबुडे अडकलेले होते आणि प्रकाश त्यांवर आपटून इतका विखुरत होता की दिशा कळणं अशक्य. दुसरीही गोष्ट त्याच मोजमापातून कळली: बर्फ प्रकाश गिळतो अपेक्षेपेक्षा फारच कमी. खाली, सुमारे चौदाशे मीटरांनंतर, दाबामुळे बुडबुडे बर्फाच्या स्फटिकांतच विरून जातात. म्हणजे आणखी खोल गेलं की काम होणार. इथे कुणी प्रकल्प बंद केला नाही. पुढच्या दोऱ्या दीड ते दोन किलोमीटरांवर गेल्या, आणि २०००पर्यंत ॲमंडाचे ६७७ संवेदक काम करू लागले.

त्यातूनच आइसक्यूब आली. डिसेंबर २०१०मध्ये पूर्ण झालेल्या या दुर्बिणीत ८६ दोऱ्या आणि ५,१६० संवेदक आहेत, १,४५० ते २,४५० मीटर खोल, एक घन किलोमीटर बर्फ व्यापून. खर्च सुमारे २७.९ कोटी डॉलर. एकदा गोठलेला संवेदक परत काढता येत नाही, दुरुस्तीची सोयच नाही. तरी ९८ टक्क्यांहून अधिक संवेदक अजून जिवंत आहेत. पहिल्या प्रयत्नांतल्या गळक्या जोडांकडून आणि फुटक्या गोळ्यांकडून जे शिकलं गेलं, ते या आकड्यात आहे. ड्युमंडमध्ये मुरलेली माणसंही पुढे इतर दुर्बिणींकडे गेली. हवाईतला पैसा पूर्ण वाया गेला नाही तो त्यांच्यामुळे.

निकाल आले तेही सावकाश. २०१३मध्ये पृथ्वीबाहेरचे, म्हणजे आपल्या वातावरणात न जन्मलेले, उच्च-ऊर्जा न्यूट्रिनो पहिल्यांदा जाहीर झाले: २८ घटना. २२ सप्टेंबर २०१७ला आलेल्या एका न्यूट्रिनोची दिशा मिनिटभरात जगभर कळवली गेली, आणि दुर्बिणी वळल्या तेव्हा त्या दिशेला, मृग नक्षत्राच्या भागात, सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षांवरचा एक ब्लेझर, म्हणजे कृष्णविवराजवळून निघालेला झोत आपल्या दिशेने रोखलेली दीर्घिका, नेमका भडकलेला सापडला. २०२२मध्ये ४.७ कोटी प्रकाशवर्षांवरच्या एनजीसी १०६८ या दीर्घिकेकडून आलेले ७९च्या आसपास न्यूट्रिनो मोजले गेले, दहा वर्षांच्या नोंदी चाळून. तिच्या गाभ्यातलं कृष्णविवर धुळीने इतकं झाकलेलं आहे की प्रकाशाला बाहेर पडायची वाट नाही. न्यूट्रिनोला ती अडचण नाही. २०२३मध्ये आपल्या आकाशगंगेचंही न्यूट्रिनोंतलं चित्र आलं. दहा वर्षांत ७९ कण, हा हिशेब ज्याला हास्यास्पद वाटतो त्याने गॅलिलिओच्या पहिल्या दुर्बिणीतून गुरूजवळ किती ठिपके दिसले होते तेही मोजावं.

आता कुणी म्हणेल, अमेरिकेने एक बांधली, पुरे झालं. पुरे होत नाही, आणि कारण भूगोलाचं आहे. आइसक्यूबवर वरून सेकंदाला अडीच-तीन हजार म्यूऑनांचा, म्हणजे वैश्विक किरणांमुळे वातावरणात जन्मणाऱ्या विद्युतभारित कणांचा, पाऊस पडतो. तो टाळण्यासाठी ती मुख्यतः खालून, पृथ्वीतून आलेल्या कणांकडे पाहते. ध्रुवावरून खाली पाहणं म्हणजे उत्तरेचं आकाश पाहणं. आकाशगंगेचं केंद्र दक्षिणेच्या आकाशात आहे. ते असंच पृथ्वीतून पाहायचं तर उत्तर गोलार्धात दुर्बीण हवी. भूमध्य समुद्रात ते काम चालू आहे. फ्रान्सच्या तूलाँजवळ अंतारेस ही दुर्बीण २००८पासून २०२२पर्यंत चालली. आता केएम३नेट तिचा वारसा चालवते: एक शाखा तूलाँजवळ, दुसरी सिसिलीजवळ साडेतीन किलोमीटर खोल. पाण्यात प्रकाश बर्फापेक्षा कमी विखुरतो, म्हणून दिशा अधिक नेमकी कळते. उलट बर्फ शांत आहे, चमकणारे जीव तिथे नाहीत. दोघींचे दोष वेगळे आहेत म्हणूनच त्या एकमेकींना तपासू शकतात.

ही तपासणी किती निकडीची आहे ते १३ फेब्रुवारी २०२३ला दिसलं. सिसिलीच्या दुर्बिणीच्या २३० नियोजित दोऱ्यांपैकी फक्त २१ पाण्यात होत्या, आणि त्यांतून एक जवळजवळ आडवा म्यूऑन गेला. मागे हिशेब केला तर मूळ न्यूट्रिनोची ऊर्जा सुमारे २२० पेटा-इलेक्ट्रॉनव्होल्ट निघाली, आधीच्या कोणत्याही न्यूट्रिनोपेक्षा कितीतरी पट. २०२५च्या फेब्रुवारीत ते प्रसिद्ध झालं. कितीतरी मोठ्या आइसक्यूबला इतक्या वर्षांत असा एकही कण दिसलेला नाही. नशीब, नवा स्रोत, की मोजमापातली गफलत? एकाच दुर्बिणीच्या जगात हा वाद सुटणार नाही. म्हणून कॅनडाच्या किनाऱ्याजवळ प्रशांत महासागरात आणि दक्षिण चीन समुद्रात नव्या दुर्बिणींची तयारी चालू आहे.

आणि आपण? इथे लाज वाटावी असा इतिहास आहे, कारण सुरुवात आपली चांगली होती. साठच्या दशकाच्या आरंभी मुंबईच्या टीआयएफआरच्या, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या, गटाने कोलार सोन्याच्या खाणीत वेगवेगळ्या खोलींवर म्यूऑन मोजले. सर्वांत खोल जागी दोन महिन्यांत एकही आला नाही. कुणीतरी तिथेच सामान आवरलं असतं. मेनन, श्रीकांतन आणि त्यांचे सहकारी उलट विचार करत होते: एवढी शांत जागा असेल तर तिथे जे काही दिसेल ते न्यूट्रिनोमुळेच असणार. जपानचं ओसाका सिटी विद्यापीठ आणि इंग्लंडचं डरहॅम विद्यापीठ सोबत आलं. १९६५मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या खाणीत फ्रेडरिक राइन्स यांचा गट हेच करत होता जवळजवळ त्याच वेळी, कोलारच्या खाणीत वातावरणात जन्मलेले न्यूट्रिनो पकडले गेले. आज हेच न्यूट्रिनो आइसक्यूबमध्ये दर काही मिनिटांनी एक येतात आणि खऱ्या शोधाच्या आड येणारा गोंगाट म्हणून बाजूला सारले जातात.

मग सोनं परवडेनासं झालं. नव्वदीच्या दशकाच्या सुरुवातीला प्रयोग थांबले, २००१मध्ये खाण बंद. खाण चालवायची की नाही हे सोन्याच्या भावावर ठरलं, आणि जगातली इतकी खोल, इतकी अभ्यासलेली प्रयोगशाळा त्या हिशेबात कुठेच नव्हती. हा निर्णय कुणी मुद्दाम विज्ञानाविरुद्ध घेतला असं मी म्हणत नाही. तो विज्ञानाचा निर्णय आहे हेच कुणाला वाटलं नाही.

त्या तुटलेल्या धाग्याला गाठ मारण्यासाठी भारतीय न्यूट्रिनो वेधशाळेची योजना आली. तमिळनाडूच्या तेनी जिल्ह्यात डोंगराखाली बोगदा, आत ५० हजार टनांचा चुंबकित लोखंडी शोधक, खर्च सुमारे दीड हजार कोटी. २०१५च्या जानेवारीत केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी जाहीर झाली. त्याच महिन्यात चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात जुनो या न्यूट्रिनो प्रयोगाचं भूमिपूजन झालं. जुनोने २०२५च्या ऑगस्टमध्ये मोजमापं घ्यायला सुरुवात केली. आपला प्रकल्प आंदोलनं, हरित लवाद आणि सर्वोच्च न्यायालय यांच्यात अडकला. २०२२मध्ये राज्य सरकारने तो नकोच असं न्यायालयाला सांगितलं.

विरोधकांना अडाणी म्हणून मोकळं होणं मला पटत नाही. न्यूट्रिनोंमुळे किरणोत्सर्ग पसरेल ही भीती निराधार होती, ते कण तुमच्या-माझ्या अंगातून आत्ताही जात आहेत. पण पश्चिम घाटातलं जंगल, वाघांचा मार्ग, सुरुंगांचे हादरे, पाण्याचे झरे हे प्रश्न निराधार नव्हते. ते विचारले गेल्यानंतर शास्त्रज्ञ गावांत गेले. आधी जायला हवं होतं. आणि जैतापूरच्या आसपास राहणाऱ्या कुणालाही विचारा, सरकारी यंत्रणा ‘काळजी करू नका’ म्हणाली की लोकांची काळजी वाढते.

यातून माझा मुद्दा निघतो तो असा. भारताने खोल समुद्रातल्या न्यूट्रिनो खगोलशास्त्रात उतरावं, पण स्वतःचं स्मारक बांधायच्या हट्टाने उतरू नये. ‘भारताची पहिली’ असं विशेषण लावलेल्या प्रकल्पांची आपल्याला चटक आहे. इथे ती महागात पडेल. अरबी समुद्राकडेच पाहा. मुंबईसमोर तळ उथळ आहे, खंडमंच जवळपास तीनशे किलोमीटर रुंद आहे. अंतारेस किनाऱ्यापासून चाळीसेक किलोमीटरवर अडीच किलोमीटर खोल होती. वर मोसमी वाऱ्यांमुळे अरबी समुद्र जिवांनी गजबजलेला, म्हणजे खाली सतत पडणारा गाळ आणि चमक. अंदमान किंवा लक्षद्वीपजवळ खोली जवळ मिळते, पण पाणी किती निवळ आहे, प्रवाह किती जोराचे, हे न्यूट्रिनोंच्या दृष्टीने वर्षानुवर्षं मोजल्याशिवाय एक पैसाही बांधकामावर घालू नये. कॅनडाने आणि चीनने नेमकं हेच केलं, आधी फक्त पाणी मोजणाऱ्या दोऱ्या सोडल्या. तसं मोजमाप स्वस्तात होतं आणि त्यात अपयश आलं तरी समुद्राबद्दलचं ज्ञान उरतं.

दुसरं, चालू असलेल्या एखाद्या दुर्बिणीत वस्तुरूपाने भागीदार व्हावं. आपल्याला हे जमतं. सर्नच्या महाप्रवेगकाचे अतिशीत चुंबक ज्या नेमक्या जॅकवर बसले आहेत, ते सात हजारांहून अधिक जॅक भारतातून गेले. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याजवळ होऊ घातलेली गुरुत्वीय लहरींची लायगो-इंडियाही भागीदारीतून येते आहे: शोधकाचे महत्त्वाचे भाग अमेरिकेचे, जागा आणि उभारणी आपली, २०२३मध्ये मंजूर २,६०० कोटी. उटीचा ग्रेप्स-३ हा वैश्विक किरणांचा प्रयोग तर ओसाकाशी कोलारपासून जुळलेल्या नात्याचंच पुढचं पान. तिथल्या म्यूऑनांच्या नोंदींवरून एका वादळी ढगात १३० कोटी व्होल्टचा विद्युतदाब मोजला गेला. वैश्विक किरणांसाठी लावलेल्या यंत्राने ढगाचं पोट तपासलं.

समुद्रातही असंच होतं, आणि ज्यांना ‘उपयोग काय’ असं विचारायचं असतं त्यांच्यासाठी सिसिलीचं उदाहरण पुरेसं आहे. कातानियाजवळ दोन किलोमीटर खोल, न्यूट्रिनोंच्या तयारीसाठी ठेवलेल्या जलध्वनिग्राहकांना स्पर्म व्हेल ऐकू आले, त्या पाण्यात ते असतील असं वाटलं होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळा. खोल समुद्रात बारमाही वीज आणि डेटा नेणारी केबल ही भूकंपशास्त्राला, सागरशास्त्राला आणि जीवशास्त्राला एकाच वेळी मिळालेली वाट असते. मात्र हा फायदा म्हणजे न्यूट्रिनोंचं समर्थन नाही. न्यूट्रिनो शोधायचे ते न्यूट्रिनोंसाठीच. व्हेलचं निमित्त पुढे करून पैसे मागितले तर पुढच्या वर्षी कुणी विचारेल की मग फक्त व्हेलच का ऐकत नाही.

आपल्याकडे तुकडे आहेत, ते एका जागी नाहीत. दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, वास्कोला ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र, चेन्नईला सहा हजार मीटर खोल माणसं नेणारी मत्स्य ६००० घडवणारी संस्था, कुलाब्याला टीआयएफआर. २०२१मध्ये मंजूर झालेल्या ४,०७७ कोटींच्या खोल महासागर मोहिमेत खनिजं आहेत, पाणबुडी आहे, जैवविविधता आहे. खगोलशास्त्र नाही.

मागणी छोटी आहे. मोहिमेच्या पुढच्या टप्प्यात पाणी मोजणाऱ्या दोन-तीन दोऱ्या, एखाद्या चालू दुर्बिणीत वस्तुरूप वाटा, आणि या दोन्हींसाठी किमान पंधरा वर्षं टिकेल असा एक गट, ज्याचं मूल्यमापन पहिल्या दोरीच्या यशावर होणार नाही. अंदमानात काही करायचं तर तिथल्या मच्छीमारांशी बोलणी केबल टाकण्याच्या आधी, जनसुनावणीची नोटीस निघण्याच्याही आधी. समुद्राचं काम पृथ्वी विज्ञान मंत्रालयाकडे आणि कणांचं अणुऊर्जा विभागाकडे, म्हणून हे जमणार नाही असं एक उत्तर येईल. २०२१पासून या दोन्ही खात्यांचं राज्यमंत्रिपद एकाच माणसाकडे आहे. फाइलला फार लांबचा प्रवास करायचा नाही.